म्हणे

दुपारचे सव्वाबारा वाजलेले. नोटा मोजायचं यंत्र सकाळपासून रुसलेलं, म्हणून मी शंभराचं बंडल हातानंच मोजतोय. काउंटरपलीकडे मोंढ्यातले एक आडते माझ्या अंगठ्याकडे डोळे लावून उभे. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर... इतक्यात चहा घेऊन आलेला पोरगा कप ठेवता ठेवता कानाशी पुटपुटला, "सर, आत तुमचंच नाव घ्यायलेत बगा."

झालं. पंच्याहत्तरावी नोट कुठं गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"आत" म्हणजे साहेबांची केबिन. पूर्वी आमच्या शाखेत केबिनला प्लायवूडचं पार्टिशन होतं. मग वरून नूतनीकरणाचा हुकूम आला आणि प्लायवूडच्या जागी काच बसली. कारभार पारदर्शक असावा, हा हेतू. तेव्हापासून आत काय चाललंय ते सगळ्या शाखेला दिसतं, फक्त ऐकू येत नाही. पूर्वी आपल्याविषयी कुणी बोलतंय हे माहीतच नसे, आता ते उघड्या डोळ्यांनी बघत बसावं लागतं. दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटाला निदान मधूनमधून पाट्या तरी असत.

या मूकपटाचे नायक म्हणजे आमचे सूचकराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते मी ठेवलं, आणि कुठून उचललं ते पुढे सांगतो. सूचकराव केबिनमध्ये कधी रिकाम्या हातानं जात नाहीत. काखेत एक निळी फाईल असते. (एकदा ते जेवायला गेले असताना मी ती उघडून पाहिली. वॉटर प्युरिफायरची तीन कोटेशनं, साल २०११. त्या फाईलनं आजवर जितक्या माणसांना पाणी पाजलं तितकं कुठल्याही प्युरिफायरनं पाजलं नसेल.) ते साहेबांच्या डाव्या बाजूला उभे राहतात, फाईल उघडतात आणि तिच्यात बघत ओठ हलवतात. साहेबांची मान हळूहळू डोलू लागते. मग साहेब चष्म्यावरून बाहेर बघतात. ती नजर ज्या काउंटरवर थांबेल त्या काउंटरवाल्यानं त्या दिवशीचा डबा तसाच घरी परत न्यावा.

त्या दिवशी नजर माझ्यावर थांबली. संध्याकाळी कॅश पाचशे रुपयांनी कमी आली, ती मी खिशातून भरली, आणि सहा वाजता साहेबांनी आत बोलावून विचारलं, "तुम्ही म्हणे कामाच्या वेळेत विनोदी लेख लिहिता?"

आता या वाक्यातला "लेख" सोडा. "विनोदी" सोडा, तो वाचकही बऱ्याचदा सोडतात. माझं भांडण आहे ते "म्हणे"शी.

काय शब्द आहे बघा! क्रियापद आहे आणि कर्ता नाही. कोण म्हणे? कधी म्हणे? कुणाच्या साक्षीनं म्हणे? पत्ता नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, मला व्याकरणातलं फारसं कळत नाही, पण हिशेबातलं थोडंफार कळतं. हिशेबाच्या भाषेत "म्हणे" हे बिनसहीचं व्हाउचर आहे. आमच्याकडे दहा रुपयांचं व्हाउचर सहीशिवाय पुढे सरकत नाही. माणसाची अब्रू मात्र बिनसहीच्या व्हाउचरवर रोज खर्ची पडते, आणि पास करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

नाहीतर आमच्या संतांचं "म्हणे" बघा. "नामा म्हणे", "तुका म्हणे". आधी नाव, मग म्हणणं. नामदेवांची नरसी आमच्या नांदेडपासून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. या माणसानं विठ्ठलाला काय काय सुनावलंय! पण जे सुनावलं ते त्याच्या तोंडावर आणि नावानिशी. रुक्मिणीला बाजूला घेऊन "मला बोलायचं नव्हतं, पण विठोबा हल्ली म्हणे..." असं काही त्यांनी सांगितल्याचं ऐकिवात नाही. तुकोबांच्या विरुद्ध वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तक्रार केली आणि वह्या इंद्रायणीत बुडाल्या, अशी परंपरेची कथा आहे. वाईटच केलं. पण त्यांचं नाव आज तुम्हा-आम्हाला माहीत आहे, हे लक्षात घ्या. नाव लावून केलं म्हणून पुढे चूक कळल्यावर त्याच तुकोबांचे शिष्यही होता आलं. आमचे सूचकराव कुणाचे शिष्य होणार? त्यांनी मुळी काही केलेलंच नाही. विचारा त्यांना. "मी? छे हो! मी तर कोटेशनं दाखवत होतो."

"म्हणे"चा धाकटा भाऊ म्हणजे "पण". "माणूस सोन्यासारखा आहे हो साहेब, पण..." माझी इतकी स्तुती आमच्या शाखेत दुसरं कुणी करत नाही. सूचकराव आधी मला घोड्यावर बसवतात आणि मग घोडा ओढ्यात नेऊन सोडतात. शिवाय ते धादांत खोटं कधीच बोलत नाहीत. मी कामाच्या वेळेत लेख लिहितो का? एकदा सर्व्हर बंद पडला होता, खातेदार पंख्याखाली पेंगत होते, तेव्हा मी एका पे-इन स्लिपच्या पाठीवर सुचलेली गंमत टिपून ठेवली. साडेतीन ओळी. एवढंच. पण चहाडी म्हणजे गाड्यावरची भजी. पीठ चिमूटभर, सोडा भरपूर, आणि तेल साहेबाच्या कानातलं. हां हां म्हणता एवढंसं भजं लिंबाएवढं फुगतं.

यावर उपाय काय, म्हणून मी तीन जाणत्यांना विचारलं.

पहिल्या जाणत्या आमच्या घरातच. "अहो, दुर्लक्ष करा. हत्ती आपल्या चालीनं चालतो." ठीक आहे. पण हत्तीला प्रमोशनच्या मुलाखतीला जायचं नसतं. आम्ही खातेदाराला उतारा पाठवतो आणि खाली बारीक अक्षरात छापतो की अमुक दिवसांत हरकत न आल्यास शिल्लक मान्य समजली जाईल. साहेबांच्या डोक्यातल्या माझ्या खात्यालाही हाच नियम लागू आहे. हरकत घेतली नाही की शिल्लक मान्य. फक्त उतारा तेवढा मला येत नाही.

दुसरे आमचे युनियनचे पुढारी. (क्लार्क लोकांचं नाव २०२४ च्या करारात "कस्टमर सर्व्हिस असोसिएट" झालं, तेव्हापासून ते जरा इंग्रजी वळणानं बोलतात.) ते म्हणाले, "त्याला जिंका. मैत्री करा." मी महिनाभर सूचकरावांना चहा पाजला, भजी खिलवली, एका शनिवारी घरी बोलावून आमच्या हिच्या हातचा सुशीला खाऊ घातला. परिणाम ताबडतोब दिसला. माझ्याविषयी साहेबांकडे जाणारी माहिती पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक झाली.

तिसरे आमचे निवृत्त हेड कॅशियर. त्यांनी पान जुळवत एका वाक्यात निकाल लावला. "तू बी सांग की! तोंड काय त्यालाच दिलंय?"

हा सल्ला मात्र मी मानला. इथून पुढचं लिहायला जरा जड जातं, पण आता "पण" हा शब्द वापरलाच आहे तर सांगून टाकतो.

मी लॉकरभाड्याच्या थकबाकीची फाईल काखेत मारली, केबिनमध्ये गेलो आणि साहेबांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. सूचकराव रोज अकरा वाजता टपरीवर चाळीस मिनिटं बसतात, हे मला सांगायचं होतं. पण या धंद्यात नाव घेत नाहीत, असा शिष्टाचार आहे. तेव्हा मी फाईलमध्ये बघत म्हणालो, "साहेब, मला बोलायचं नव्हतं, पण हल्ली चहाच्या नावाखाली म्हणे बराच वेळ बाहेर जातो." साहेबांची मान डोलली. काय सांगू, फार बरं वाटलं! इतकी वर्षं आपण या सुखाला मुकलो, असंसुद्धा वाटलं.

आठ दिवसांनी चहा आणणारा पोरगा दिसेना.

तो रोजंदारीवर होता. चहा आणायचा, माठ भरायचा, टपाल पोचवायचं, शटर ओढायचं. तिसरं वर्ष चाललं होतं, कधीतरी कायम होऊ या आशेवर. चहाच्या नावाखाली बाहेर कोण जातं? जो चहा आणायला बाहेर जातो तो! साहेबांनी सरळ हिशेब केला आणि त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारायला त्याच्या नावाचा कागद कुठं होता?

मी साहेबांकडे जाऊन खुलासा केला का? करणार होतो. दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. मग महिनाअखेर आली. मग साहेबांचीच बदली झाली. आम्ही त्यांना शाल, श्रीफळ आणि सचखंड गुरुद्वाराची तसबीर दिली, आणि निरोपाचं भाषण मीच केलं. विनोदी झालं म्हणे.

तो पोरगा आता नव्या मोंढ्याच्या बाजूला चहाचा गाडा लावतो. मी गेलो की कप आधी विसळतो, मग चहा देतो, पैसे घेतो. मागं एकदा विचारलं त्यानं, "सर, आत माझं नाव कुणी घेतलं व्हतं, कळालं का वो?" मी म्हणालो, "बघतो चौकशी करून."

तेव्हापासून मी या विषयाकडे अभ्यासू नजरेनं बघायला लागलो. अपराधी माणूस फार वाचतो.

कौटिल्यानं अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार सांगितलेत. त्यातले काही आमच्या इन्स्पेक्शन खात्यालाही नवे वाटतील. अशा अपहाराची वर्दी देणाऱ्याला तो "सूचक" म्हणतो. आमच्या नायकाचं बारसं मी तिथूनच केलं. आरोप सिद्ध झाला तर सूचकाला रकमेचा सहावा हिस्सा, आणि तो स्वतः नोकर असेल तर बारावा. पण आरोप सिद्ध झाला नाही, तर सूचकालाच दंड, पैशाचा नाहीतर अंगावरचा. व्यवहार कसा चोख आहे बघा! जमा आणि नावे, दोन्ही बाजू. आमच्या कचेऱ्यांनी यातलं नेमकं अर्धं वाक्य पाठ केलं. सिद्ध झालं तर सूचकाची वाहवा. नाही झालं तर, "जाऊ द्या हो, बिचारा संस्थेच्या भल्यासाठीच बोलला."

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. केंद्रीय दक्षता आयोगानं जून १९९९ मध्ये परिपत्रक काढलं की निनावी किंवा टोपणनावाच्या अर्जांवर कारवाई करू नका. चांगलं झालं. त्यापूर्वी माणसाची बढती जवळ आली की "एक हितचिंतक" अशा सहीचं पोस्टकार्ड वर जायचं. पण परिपत्रकानं बंद झाली ती कागदावरची चहाडी. तोंडी चहाडीला आवक क्रमांक कोण देणार?

मग ते गोपनीय अहवाल. देव दत्त नावाचे सीमा रस्त्यांच्या खात्यात एक कार्यकारी अभियंता होते. त्यांना १९९३-९४ सालच्या अहवालात "चांगला" असा शेरा मिळाला. आता आपल्याला कुणी चांगला म्हटलं तर आपण पेढे वाटू. पण बढतीला "फार चांगला" लागत होता, त्या एका शब्दानं ते मागे राहिले, आणि असा शेरा पडलाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं १२ मे २००८ रोजी निकाल दिला की शेरा बरा असो, वाईट असो वा मध्यम, प्रत्येक शेरा त्या कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दिल्लीपर्यंत जावं लागतं! माणसाविषयी जे लिहाल ते त्याला दाखवा, इतकंच तर म्हणणं. पण जे लिहीत नाहीत, नुसतं ऐकतात, त्यांना हा निकाल कसा लागू करायचा?

कुणी म्हणेल, मग गैरव्यवहार दिसला तरी माणसानं गप्प बसायचं का? मुळीच नाही. बनावट सही दिसली, मेलेल्या खातेदाराच्या नावानं पैसे निघाले, तर ओरडून सांगायला हवं. ती चहाडी नव्हे, ते नोकरीचं मीठ. सत्येंद्र दुबे हे बिहारमध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामावरचे अभियंता. त्यांनी त्या कामातल्या गैरव्यवहाराविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते नाव गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. म्हणजे जे नाव जिवापाड जपायला हवं होतं ते फायलीबरोबर टेबलोटेबली फिरलं, आणि आमच्या सूचकरावांचं नाव मात्र साहेबांच्या पोटात लॉकरमध्ये ठेवल्यासारखं सुरक्षित. याची चीड येत नाही का हो तुम्हाला? मला येते. या ठिकाणी विनोद करायला मला जमत नाही.

बरं, राग काढायचा कुणावर? उत्तर प्रदेशात इटाव्याजवळ एक मकबरा आहे, चुगलखोराचा मकबरा म्हणून. त्यानं दोन राजांत लावालावी करून लढाई पेटवली अशी आख्यायिका, म्हणून येणारे-जाणारे त्या मकबऱ्याला जोडे मारतात. मला त्या मकबऱ्याविषयी एकच शंका आहे. ज्या दोन राजांनी ऐकलं आणि शहानिशा न करता तलवार उपसली, त्यांच्या समाधीवर काय वाहतात? फुलं? मंथरेला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिव्या देतो, पण कैकेयीनं तिला "जरा कौसल्याबाईंना बोलावून आण, त्यांच्यासमोर बोल" असं म्हटलं असतं, तर रामायण अयोध्याकांडातच आटोपलं असतं. जीभ ही फार तर अर्ज करते. मंजुरी कानाची असते.

साहेब लोकांची अडचण मला कळते, बरं का. दर दोन-तीन वर्षांनी बदली. कुटुंब पुण्याला, मुलाची बारावी, हे एकटे नांदेडात. ओळख ना देख. अशा वेळी पहिल्याच संध्याकाळी सूचकराव हजर होतात. भाड्यानं खोली त्यांच्या ओळखीची, डबा त्यांच्या मेव्हणीच्या हातचा. पहिल्या रविवारी माहूरला रेणुकामातेचं दर्शन, दुसऱ्या रविवारी विष्णुपुरीचं धरण. तिसऱ्या रविवारपर्यंत सगळ्या स्टाफच्या कुंडल्या मांडून झालेल्या असतात. एकट्या माणसाला सोबत लागते, आणि या सोबतीचं भाडं कानानं फेडावं लागतं. पण साहेब म्हणतात ना, "शाखेत काय चाललंय ते आम्हाला कळायला नको का?" अहो, मग काच कशाला बसवलीय? तिच्यातून बघा की! आणि समोर तीन खुर्च्या आहेत. एकीवर सांगणारा बसवा, दुसरीवर ज्याच्याविषयी सांगतोय तो. तिसरी रिकामी ठेवा, पुरावा आला तर त्याला.

यंदा जूनमध्ये नवे साहेब आले. माहूर झालं, विष्णुपुरी झाली. तिसऱ्या सोमवारी अकराच्या सुमाराला मूकपट सुरू झाला, साहेबांची नजर चष्म्यावरून निघाली आणि माझ्या काउंटरवर येऊन थांबली. संध्याकाळी बोलावणं आलं.

"बसा. तुम्ही म्हणे..."

"कोण म्हणे, साहेब?"

साहेब दचकले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. "नाही, म्हणजे... असं कानावर आलं."

"कुणाच्या तोंडून आलं ते सांगा, त्यांनाही बोलावू. जे असेल ते तिघांत बोलू."

साहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर सूचकराव रजिस्टर उलटं धरून वाचत होते. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग त्यांनी बेल मारली आणि सूचकरावांना आत बोलावलं. सूचकराव निळी फाईल घेऊनच आले आणि सवयीनं डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"तिकडे नको," साहेब म्हणाले, "इथे समोर बसा."

सूचकराव बसले. फाईल मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, ती कोटेशनं..."

"कोटेशनं नंतर," मी म्हणालो. "आधी माझं घ्या, साहेब. तुमच्या आधीच्या साहेबांना आपल्या चहावाल्या पोराविषयी एक गोष्ट सांगितली गेली होती. ती मी सांगितली होती. लिहून घेता का? खाली सही करतो."